बंद वायपर आणि पुसदचा रस्ता

आधीच कबूल करते, नागपूरहून पुसदला जायला बस होती. यवतमाळला उतरायचं, दुसऱ्या बसमध्ये बसायचं, झालं. तरी १९५८च्या जुलैत मी आणि आई दोन माणसांच्या उघड्या गाडीतून निघालो. परत आल्यापासून ‘असं कशासाठी?’ हा प्रश्न इतक्यांनी विचारला आहे, की एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढते आहे.

गाडी माझ्या दादाची. तो खाणीत इंजिनीयर होता. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज साहेबाकडून त्याने ती घेतली. गडद हिरवी, बसकी, वर कापडी टप, बाजूला काचांऐवजी कापडात शिवलेले पारदर्शक पडदे. शर्यतीत पळवायची जात तिची. पुढे दादा जर्मनीला गेला आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून गेला. चालवायला त्यानेच शिकवलं होतं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. शाळेत गाडी नेली की शेजारच्या कचेरीतली माणसं खिडकीत येतात. पहिल्यांदा मला लाज वाटली. नंतर मी रोज नेऊ लागले.

पुसदला आईचं माहेर. तिथे तिचा धाकटा भाऊ, माझा नारायणमामा. बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मामा नागपूरला आला आणि आईला म्हणाला की बिऱ्हाड मोड, पोरांना घेऊन पुसदला चल, चारपाच वर्षांत इंदूचं, म्हणजे माझं, लग्न करून टाकू. आई नाही म्हणाली. तिने विद्यार्थ्यांची खानावळ घातली आणि आम्हा दोघांना शिकवलं. मामाने जाताना सांगितलं होतं, आता माझ्या दारात येऊ नको. अठरा वर्षं ती गेली नव्हती.

आता मामाच्या मुलीचं, मालतीचं पत्र आलं होतं. ती मॅट्रिक पास झाली होती. पुढे शिकायचं म्हणत होती, आणि मामा घाटंजीच्या एका घरच्यांना तिला दाखवणार होता. नागपूरच्या कॉलेजात नाव घालायची शेवटची तारीख त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी होती. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं, ‘आत्याबाई, तुम्ही आलात तरच काही होईल.’

आईने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून कमरेला खोचलं. बसने जाऊ या का, असं मीच विचारलं. ती म्हणाली, “नारायणानं मले दार बंद केलं तवा म्हणला होता, पोरगी शिकवून काय उजेड पाडशील. त्याले गाडी पाह्यू दे.”

यवतमाळ

मंगळवारी निघालो. वर्धा नदी ओलांडून कळंबच्या जवळ येईपर्यंत आभाळ नुसतं दाटलेलं होतं. कळंब सोडलं आणि पाऊस सुरू झाला. मी वायपरचं बटण ओढलं. दोन्ही काटे चारदा इकडून तिकडे गेले, मग डावीकडे अडकून नुसते थरथरू लागले. आतून मोटरची घरघर येत होती, पण काटे हलेनात. मग मी टपाच्या बाहेर डोकं काढून चालवलं. यवतमाळला पोचलो तेव्हा माझ्या पदराचं पाणी पिळावं लागलं.

तिथे आईच्या ओळखीच्या एक नर्सबाई होत्या. त्यांच्याकडे मुक्काम केला आणि बुधवारी सकाळी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने आधी गाडीभोवती एक फेरी मारली, मग आत पाहिलं, मग आमच्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

“साहेब कुठी आहेत?” त्याने विचारलं.

साहेब नाहीत, गाडी मी चालवते, असं सांगितलं. त्याने बॉनेट उघडायचीही तसदी घेतली नाही. विलायती माल आहे, मुंबईहून पार्ट मागवावा लागेल, तीन आठवडे धरून चाला, तोवर गाडी इथेच राहू द्या आणि तुम्ही बायामाणसं बसने जा, असं त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तो माझ्याकडे न बघता, मागे कुणी पुरुष उभा असावा तसा माझ्या खांद्यावरून बोलत होता. मी किल्ली मागून घेतली.

लोहारा ते दिग्रस

लोहारा मागे पडलं आणि पाऊस पुन्हा आला. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बोटभर वर आलेली, मधल्या ओळींत तूर. बाया डोक्यावर पोत्याच्या खोळा घेऊन निंदत होत्या. हे मला दिसलं ते गाडी थांबवली तेव्हा. चालत्या गाडीतून काचेवर फक्त पाण्याचा पडदा होता.

उपाय आईने काढला. ट्रंकेतून तिने परकरांच्या दोन नाड्या काढल्या. दोन्ही काटे एका तुकड्याने एकमेकांना बांधले. मग डाव्या काट्याची नाडी तिने आपल्या बाजूच्या पडद्यातून आत घेतली, उजव्या काट्याची माझ्या बाजूने. ती ओढायची, काटे डावीकडे जायचे. मग मी ओढायची. ताक घुसळताना दोघींनी रवीची दोरी धरावी तसं ते चाललं होतं.

माझा एक हात नाडीत आणि एक चाकावर असल्याने गिअर बदलायला हातच उरला नव्हता. दारव्ह्यापर्यंतचा सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये कापला. बैलगाड्या आम्हाला ओलांडून गेल्या, असं आई सांगते. एकच गेली, आणि ती उतारावर. दारव्ह्याला स्टेशनाजवळ चहा प्यायला थांबलो. नागपुरात बायका हॉटेलात चहा पिऊ लागल्या आहेत, तिथे मात्र मालकाने आमच्यासाठी बाक उचलून आतल्या कोठीत नेला. आईने तो उचलून परत बाहेर आणला. तिथे बसून आम्ही चहा प्यालो. चहात साखर इतकी होती की ओठ चिकटले.

तांडा

दिग्रसच्या पुढे पाऊस असा कोसळला की नाडीचाही उपयोग होईना. रस्त्याच्या कडेला एका टेकाडावर बंजाऱ्यांचा तांडा होता. एकेकाळी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडणारी ही माणसं आता तिथे शेती करून राहतात. गाडी थांबलेली पाहून एक बाई पोतं डोक्यावर घेऊन खाली आली. आरशांची चोळी, घोळदार घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिने काही न विचारता आईचा हात धरला आणि आम्हाला घरी नेलं.

तिचं नाव सोनी. तिची लेकरं तिला याडी म्हणत होती, आणि थोड्या वेळात माझ्या आईलाही याडीच म्हणू लागली. चुलीजवळ बसवून तिने आम्हाला ज्वारीची गरम भाकरी आणि तरोट्याची भाजी वाढली. ही भाजी आमच्याकडेही होते, पण आम्ही ती उकडून पिळून घेतो. सोनीने तशीच, नुसत्या लसणावर परतली होती. किंचित कडवट. मी तीनदा मागून घेतली.

आई तिच्याशी माहेरच्या बोलीत बोलत होती. नागपुरात ती बोली आई बेताने वापरते. इथे मात्र अठरा वर्षं साठलेली सगळी बाहेर आली. गाडीची हकीकत ऐकून सोनी हसली नाही. तिने नाड्या कशा बांधल्या ते नीट विचारून घेतलं. मग म्हणाली की तिचा नवरा थावरू पुसदच्या जिनिंगमध्ये फिटर आहे. सरकी काढायची यंत्रं पावसाळ्यात बंद असतात, तो नुसता राखण करत बसलेला आहे, त्याला सोनीने पाठवलं म्हणून सांगा.

पुसद

मामाच्या दारात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. चारी बाजूंच्या डोंगरांवर ढग टेकले होते. गाडीच्या आवाजाने आळी गोळा झाली. मामा ओसरीवर आला. अठरा वर्षांत त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने ओल्याचिंब बहिणीकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग वायपरला लोंबणाऱ्या परकराच्या नाड्यांकडे. पाहणारी माणसं तोंड दाबून हसत होती.

हाकलून मात्र दिलं नाही त्याने. मामीने पाय धुवायला गरम पाणी आणलं. मामी बोलत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या संध्याकाळी तिने खरोखरच चार शब्दही उच्चारले नाहीत. मालती दाराआडून पाहत होती. सडपातळ, सावळी, वेणीला लाल रिबीन. तिने आपली गुणपत्रिका आईच्या हातात दिली आणि पुन्हा आत गेली.

जेवणं झाल्यावर आईने विषय काढला. मामाने तो वाद घातलाच नाही. शिक्षणाविषयी तो एक अक्षर बोलला नाही, घाटंजीच्या स्थळाविषयी नाही. त्याने गाडीचा मुद्दा पकडला. शेजारचे दोघे सुपारी कातरत ओसरीवर बसले होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “जिची काच पुसल्या जात नाही, त्या गाडीत मी आपली पोरगी बसवत नाही. तुम्ही दोघी मेल्या तं तुमची मर्जी. ते काटे चालले, तर घेऊन जा पोरीले.”

“शब्द देतं?” आईने विचारलं.

“दिला,” मामा म्हणाला. पुसदमध्ये विलायती गाडी दुरुस्त करणारं कोणी नाही, हे त्याला माहीत होतं.

गुरुवारी सकाळी मी जिनिंगच्या फाटकाशी गेले. थावरू चाळिशीचा, रुंद पंजाचा, अगदी हळू बोलणारा माणूस. सोनीचं नाव सांगताच पान्ह्यांची पिशवी घेऊन निघाला. अशी गाडी त्याने जन्मात पाहिली नव्हती आणि तसं त्याने सांगितलंही. पण आधी गाडीशेजारी उकिडवं बसून त्याने मला बटण ओढायला लावलं आणि कान लावून ऐकलं. मोटर चांगली आहे, ती फिरते, ताकद मधे कुठेतरी सुटते, असं तो म्हणाला.

मोटरपासून एक लवचीक तार निघते, नळीतून काचेखाली जाते. मोटर ती तार पुढेमागे सरकवते. प्रत्येक काट्याच्या बुडाशी सुपारीएवढं दातेरी चाक असतं. तारेचे वेढे त्या दातांत अडकतात आणि चाक थोडं इकडे, थोडं तिकडे फिरतं. एवढंच ते यंत्र. पण ती चाकं डॅशबोर्डच्या मागे, अशा सांदीत होती की थावरूचा हात तिथे मनगटापर्यंतही जाईना. त्याने हात काढून माझ्या हाताकडे पाहिलं.

मी पदर खोचला आणि गाडीत उलटी शिरले. डोकं पेडलपाशी, पाठ सीटवर, पाय दाराबाहेर. मामाच्या अंगणात, आळीतल्या तीसचाळीस माणसांसमोर. पुसदमध्ये बायका माणसांपुढून जाताना डोक्यावरून पदर घेतात, आणि माझे नुसते पायच सगळ्यांना दिसत होते. कोणीतरी काही बोललं. मामा ओसरीवरून उठून आत गेला. मला बाहेर येऊन साडी सारखी करावीशी वाटली, हे खरं सांगते. पण मग मालतीचा आवाज आला. ती अंगणात आली होती आणि थावरू देईल तो पान्हा माझ्या हातात देण्यासाठी गाडीशी गुडघे टेकून बसली होती.

थावरू बाहेरून सांगत होता, मी आत चाचपडत करत होते. आधी तार मोटरच्या बाजूने ओढून काढली. तिच्यावरचं जुनं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं. मग दोन्ही चाकं सुटी करून बाहेर दिली. एक नट निसटून खाली पडला, तो शोधण्यात अर्धा तास गेला आणि माझ्या बोटांची सालं निघाली.

थावरूने चाकं रॉकेलमध्ये धुतली आणि तळहातावर घेऊन मला दाखवली. एका बाजूचे दात झिजून सपाट झाले होते. तार त्यांच्यावरून नुसती घसरत होती.

“नवीन लागतील?” मी विचारलं. यवतमाळचे तीन आठवडे माझ्या डोळ्यांपुढे आले.

“काहून?” तो म्हणाला. “चाक कधी पुरं फिरतच नाही, बाई. याचे इकडले दात पाहा. जसे बनले तसेच हायेत. त्याहिले कधी कोनी कामाले लावलंच नाही.” जिनिंगमध्ये तो असंच करतो, एका अंगाने झिजलेलं चाक फिरवून दुसऱ्या अंगाने लावतो.

तारेला त्याने जिनिंगचं ग्रीस लावलं. मी पुन्हा आत शिरले आणि चाकं अर्धा फेर फिरवून बसवली. बटण ओढल्यावर काटे असे जोरात फिरले की डावा काटा काचेवरून उतरून टपाच्या चौकटीवर आपटू लागला. लोक हसले. थावरू म्हणाला, काटा खुंटीवर वाकडा बसला आहे, काढून सरळ बसवा. बसवला. आईने तांब्या भरून आणला आणि काचेवर ओतला. काटे गेले, आले, गेले. काच स्वच्छ झाली आणि पलीकडे मामाचं घर लख्ख दिसलं. आईने दुसरा तांब्या ओतला, मग तिसरा. यंत्र चालतं हे कळल्यावरही ती ओतत होती.

थावरूने मामीने दिलेला चहा घेतला, पान्हे पुसून पिशवीत भरले आणि म्हणाला की परत जाताना सोनीला सांगा, रविवारी येतो.

आई ओसरीवर गेली. मामा बाहेर आला होता. त्याने काटे चालताना पाहिले होते, यात शंका नाही.

“चालले म्हणून काय झालं?” तो म्हणाला. “बोलण्याची गोष्ट होती ती. सोमवारी घाटंजीचे लोक येऊन राह्यले. पोरगी कुठी जात नाही.”

मी इतकी थकले होते की मला रडू आलं नाही, रागच आला. आई मात्र शांत होती. ती म्हणाली, “नारायण, मी तुले कडेवर घेऊन या अंगणात हिंडवलं. अठरा वर्षं तू म्हनला तसं केलं, आली नाही. तू आपल्या शब्दाचा नसशील, तं मीही तुया ऐकण्यातली नाही.”

मामा काही बोलणार तेवढ्यात आतून मामी आली. तिच्या हातात मालतीची पत्र्याची पेटी होती. ती ओसरीच्या पायऱ्या उतरली आणि पेटी गाडीत ठेवू लागली. दोन सीटांच्या मागे हातभर जागा होती, तिथे पेटी जाईना. मामीने ती अंगणात चिखलात ठेवली, उघडली, त्यातले कपडे, पुस्तकं, कंगवा, गुणपत्रिका सगळं एका जुन्या लुगड्यात बांधलं आणि ते गाठोडं सीटच्या मागे कोंबलं. मग मालतीला गाठोड्यावर बसवलं. आळी पाहत होती.

मामा नुसता मामीचं नाव घेऊन थांबला. मामी वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, “चार लोकांसमोर शब्द देल्ला तुम्ही. मी ऐकला.”

मामा खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला नीट सांगता येणार नाही. राग होता, पण तो कोणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं.

परतीची वाट

पुसद सोडून घाट चढतो न चढतो तोच पाऊस आला. मी तिसरा गिअर टाकला. आईने सवयीने पडद्याकडे हात नेला आणि मग मांडीवर ठेवला. मालती गाठोड्यावर पाय पोटाशी घेऊन, मान वाकवून बसली होती. वर टप असल्याने तिला सरळ बसता येत नव्हतं. एक शब्द तक्रार नाही. तांड्यापाशी थांबून सोनीला निरोप दिला, तिने मालतीच्या हातात भाकरी ठेवली. दिग्रसला फरशीवरून, म्हणजे नदीवरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी चाललं होतं. पलीकडे जाण्याइतकं उतरायला दोन तास लागले. नदीकाठी बसून मालतीने ती भाकरी खाल्ली, आणि मग पहिल्यांदा रडली. आईने तिला रडू दिलं.

रात्री यवतमाळला राहिलो. शुक्रवारी गॅरेजवरून गेलो तेव्हा पाऊस चालू होता आणि काटे चालू होते. गॅरेजवाला दारात उभा होता. मी हॉर्न वाजवला. वाजवायला नको होता, पण वाजवला.

कॉलेजात पोचलो तेव्हा कचेरी बंद व्हायला जेमतेम अर्धा तास होता. आम्ही तिघी भिजलेल्या, माझ्या बोटांना चिंध्या, मालतीच्या पाठीवर टपाच्या लोखंडी पट्टीचा वळ. कारकुनाने अर्ज वाचला, गुणपत्रिका पाहिली, आणि पालकाच्या सहीच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं की वडील कुठे आहेत.

“पुसदले,” आई म्हणाली.

मग सही कोण करणार, असं त्याने विचारलं. आईने टेबलावरची दौत आपल्याकडे ओढली, टाक बुडवला आणि पदराने हात पुसत म्हणाली, “मी इथं उभी आहे ना.”

ती लिहायला शिकली तेव्हा मोठी झाली होती, त्यामुळे तिची अक्षरं थोरली आणि सावकाश येतात. कारकून घड्याळाकडे पाहत होता. आईने घाई केली नाही. पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.